बहात्तर दारांना पत्र

४ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. झालं तेवढं शहर पुरे, गाशा गुंडाळा आणि दोघं माझ्याकडे या, असं तू तिसऱ्यांदा लिहिलंस. गाशा मी अर्ध्या तासात गुंडाळीन गं, पण तुझ्या धाकट्या भावाला कसा गुंडाळू? बाबांना चौथ्या मजल्यावरून खाली उतरून आता चौदा महिने झाले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या आणि म्हातारपणी लिफ्ट नसलेल्या इमारतीत अडकले. गुडघे दोन्ही गेलेत. खिडकीशी बसतात आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला नावं ठेवतात.

आता खरी बातमी. घरमालकानं जूनअखेर खोली खाली करायला सांगितलीय. इमारत पाडून मोठी बांधायचीय म्हणे. बाहेर भाडी विचारून आले. एका खोलीला माझा पगार पुरत नाही, पगारासकट मला ठेवून घेतलं तरी पुरणार नाही. म्हणून पुन्हा त्या स्वस्त भाड्याच्या घरांच्या कार्यालयात गेले. तिथं अर्ज देऊन तीन वर्षं झाली. अर्जावर कुटुंबप्रमुख म्हणून मी माझं नाव लिहिलं होतं, ते बघून खिडकीवरच्या बाईंनी तेव्हा भुवया उडवल्या होत्या. परवा भुवयाही उडवल्या नाहीत. माझा नंबर शेहेचाळीस आहे, तीन वर्षांपूर्वी एकोणपन्नास होता. घरं रिकामी होत नाहीत, आम्ही काय करणार, असं म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली.

आणि आत्या, आता पुढचं ऐक. गेल्या आठवड्यात आमच्या साहेबांनी माझा भाग बदलला. मी मीटरचं रीडिंग घेत हिंडते ते तुला ठाऊकच आहे. नव्या भागात नेमक्या त्याच कार्यालयाच्या तीन इमारती आल्या. पहिल्या इमारतीत जिन्याखाली बहात्तर मीटर आहेत. त्यातल्या चौदांचे आकडे मागच्या महिन्याचे तेच. मागची रीडिंग काढली तर दोन वर्षं तेच. माणूस कितीही चिकट असो, घरात राहत असेल तर मीटर सरकतोच. जिथं आकडा हलत नाही, तिथं कोणी दिवा लावत नाही. म्हणजे चौदा घरं रिकामी पडलीत, आणि माझ्यापुढची पंचेचाळीस माणसं नऊ-नऊ वर्षं खिडकीशी उभी आहेत!

मी तडक साहेबांकडे गेले. ते म्हणाले, मीटरमध्ये दिसतं ते कंपनीचं, बाहेर बोललीस तर नोकरी गेली म्हणून समज. मी मुकाट्यानं परत आले, पण मुकाट बसणं मला किती जमतं ते तुला ठाऊक आहे. ठिणगी हे नाव तूच ठेवलंस, आता तूच सांग काय करू ते.

बाबा बरे आहेत, म्हणजे चिडचिडे आहेत. तुझ्या खोकल्याचं खरं खरं कळव. माया आहे ती तशीच राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
ठिणगी


१३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

खोकला गेला. मी आहे. पुढे.

नोकरीला धक्का लावायचा नाही, हे आधी कानात घाल. मीटरचा आकडा कोणाच्या कानावर जाता कामा नये. तुझ्या साहेबाचं म्हणणं मला पटत नाही, पण तुमचं घर त्या पगारावर चालतं. आता मी विचारते त्याचं उत्तर दे. कोणत्या घरात कोण राहतं याची यादी त्या कार्यालयानं कुठं लावलीय का? सरकारी घरं दिली की नावं फळ्यावर लावावी लागतात. लावतात आणि विसरतात.

यादी असेल तर उतरवून घे. चौदा नावं नव्हे, बहात्तरच्या बहात्तर. चौदाच उतरवलीस तर तुला ती कशी कळली असं उद्या कोणीतरी विचारील. बहात्तर उतरवलीस तर कोणाची काय हिंमत? मग प्रत्येकाला रजिस्टर पत्र पाठवायचं, पोचपावतीसह. मजकूर असा: आम्ही तुमच्या इमारतीत घर मिळावं म्हणून वाट पाहणारी माणसं आहोत. पाणी किती वेळ येतं, जिन्यात उजेड असतो का, भिंतींना ओल आहे का, एवढं कळवलंत तर उपकार होतील. आपली नम्र, वगैरे. यात कोणाच्या बापाचं काय जातं?

पुढचं काम टपालखातं करील. मी तिथं एकतीस वर्षं गावोगावची पत्रं निवडून लावली आहेत, बाई. पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन तीनदा दारात जातो. घेणारा नसेल तर पाकिटावर स्वतःच्या हातानं कारण लिहितो, तारीख घालतो, शिक्का मारतो आणि पाकीट परत पाठवतो. दार बंद. राहत नाहीत. मयत. तू काही म्हणायचं नाहीस, मी काही म्हणायचं नाही. सरकारचाच माणूस सरकारला लिहून देईल की इथं कोणी राहत नाही.

एकटीनं करू नकोस. एकटी बाई गेली की तक्रारखोर ठरते, चाळीस गेली की शिष्टमंडळ होतं. रांगेतली माणसं गाठ. तिकिटांचं मी बघते, त्यावर उलट टपाली भांडायचं नाही.

धाकट्याला सांग, गाड्यांना नावं ठेवण्यापेक्षा पाकिटांवर नावं घाल. त्याचं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तुझं अक्षर बघून पोस्टमन जिवंत माणसालाही मयत लिहील.

तुमच्यावर जीव आहे म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर मला गुडघ्यांचा शेक बाकी आहे.

तुझी,
आत्या


२ मार्च

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू जादूगार आहेस का? यादी आहे! कार्यालयाच्या जिन्याशी पाण्याच्या पिंपामागं फळा आहे, आणि त्यावर पिवळा पडलेला कागद. बहात्तर घरं, बहात्तर नावं, एकही जागा कोरी नाही. कागदावर इमारत गच्च भरलेली आहे.

तो उतरवून घेताना मला दोन माणसं भेटली. एक घड्याळजी, यादीत तिसरे, नऊ वर्षांपासून. बायको आणि आईसह दुकानाच्या पोटमाळ्यावर राहतात. तिथं उभं राहता येत नाही म्हणून दुकानातही ते वाकूनच चालतात. दुसरी डेपोत बसगाड्या धुणारी बाई, नंबर एकतीस. तिचे दंड बघशील तर थक्क होशील. तू लिहिलेला मजकूर वाचून ती इतकी हसली की खिडकीवरच्या बाईंनी गप्प राहायला सांगितलं. मग तिनं रांगेला तो मोठ्यानं वाचून दाखवला. आता आम्ही सव्वीस जण आहोत. घड्याळजींच्या दुकानात दर रविवारी पत्रं लिहायला बसतो.

फक्त बाबा विरोधात आहेत. सरळ नाकासमोर चालावं, आपल्याला घर मिळालं नाही तर नाही, नोकरी गेली तर दोघं रस्त्यावर, असं म्हणतात. मी म्हटलं, जूनमध्ये तसेही रस्त्यावरच आहोत. ते मला लागेल असं बोलले, मीही बोलले. दोन दिवस घरात भांड्यांखेरीज कोणाचा आवाज नाही.

तिकिटांवर भांडत नाही. आभार मानले तर तू रागावशील, म्हणून मानत नाही, समजून घे.

तुझी,
ठिणगी


९ मार्च

ती. स्व. ताईस,
नमस्कार.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा आज लिहितोय म्हणजे रागावलोय हे तू ओळखलं असशीलच. पोरगी आधीच पेटकी, त्यात तू फुंकर घातलीस. तुझं निवृत्तिवेतन दर महिन्याला घरी येतं. तिला रोज शंभर जिने चढून पगार मिळतो. तो गेला तर तू तिथून पोस्टाचं तिकीट लावून देणार आहेस का?

मला खाली उतरता येत नाही म्हणून तिला तळमजल्याचा ध्यास लागलाय. तिला सांगितलं नाही ते तुला सांगतो. शेजारच्या पोरांनी मला खुर्चीवर बसवून खाली न्यायचं किती वेळा काढलं. मीच नको म्हणतो. चाळीस वर्षं मी लोकांना वर-खाली नेलं ताई. आता लोकांनी मला टोपलीसारखं उचलून न्यायचं आणि बायाबापड्यांनी जिन्यात बाजूला सरकायचं, हे मला नको. त्यापेक्षा खिडकी बरी.

एवढंच लिहायचं होतं.

ता. क. तिचं अक्षर खरंच भयंकर आहे. काल तिनं पाकिटं टेबलावर टाकली आणि कामावर गेली. मी चाळीस पत्ते घातले. बाकीचे आज घालीन. याचा अर्थ मला हे पटलंय असा घेऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि दोन रागाचे शब्द.

माझ्यावर राग काढायला तू पत्र लिहिलंस, हेच मला वर्षभर पुरेल. आता ऐक. तू सात वर्षांचा असताना ताप भरला तेव्हा मी तुला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेले होते. वाटेत तू मला घोडा समजून टाचा मारल्यास. तेव्हा तुला लाज वाटली नाही. जो माणूस चाळीस वर्षं दुसऱ्यांना वर पोचवतो, त्याला एकदा खाली नेण्याचा मान लोकांना द्यायला काय हरकत आहे? उचलून नेतात तर राजासारखा बस, टोपलीसारखं बसायला तुला कोणी सांगितलं?

पोरीची काळजी मलाही आहे. म्हणून तर तिला एकटीला जाऊ देत नाही. तूही देऊ नकोस.

पत्ते नीट घातलेस ना? घर क्रमांक आधी, मग मजला.

तुझी,
ताई


२६ एप्रिल

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

बस आधी, मग वाच.

बहात्तर पत्रं गेली. सत्तावन्न पोचपावत्या आल्या, एकानं घ्यायला नकार दिला, चौदा पाकिटं घेणारा नाही म्हणून परत आली. चौदा, आत्या! सहांवर दार बंद, पाचांवर राहत नाहीत, तिघांवर मयत. पोस्टमनची सही, तारीख, शिक्का, सगळं जिथल्या तिथं. आणि ज्यांना पत्रं मिळाली त्यांच्यातल्या एकोणीस जणांनी उत्तरं लिहिली. पाणी सकाळी दोन तास येतं. जिन्यात उजेड नाही. एका निवृत्त मास्तरांनी चार पानं लिहिली आणि आमच्या मजकुरातल्या दोन चुका लाल शाईनं दाखवल्या. त्या तुझ्या आहेत हे मी त्यांना कळवलंय.

आमच्या साहेबांकडे माझी तक्रार गेली होती, कोणी केली ते कळलं नाही. त्यांनी बोलावून विचारलं, की चौदा घरं तुला कशी कळली. मी फळ्यावरची यादी, रजिस्टर केल्याच्या बहात्तर पावत्या आणि परत आलेली पाकिटं टेबलावर ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली. मग म्हणाले, की यात मीटर कुठंच दिसत नाही. आणि मला चहा सांगितला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

मंगळवारी आम्ही एक्केचाळीस जण कार्यालयात गेलो. एक्केचाळिसावं कोण ते ओळख. निघताना बाबा म्हणाले, थांबा, मीही येतो. बस धुणाऱ्या बाईनं खुर्चीची मागची बाजू धरली, तिच्या नवऱ्यानं पुढची. चार मजले बाबांनी डोळे मिटलेले होते. खाली आल्यावर उघडले, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की तिसऱ्या मजल्याचा कठडा ढिला आहे, कोणीतरी बघायला हवं.

तिथले मोठे साहेब आधी म्हणाले, घरं भरलेली आहेत. घड्याळजींनी पाकिटं एकेक करून समोर मांडली, घड्याळाचे भाग मांडतात तशी. मग साहेब म्हणाले, की घर रिकामं दाखवलं तर नव्वद दिवसांत दुरुस्त करून दुसऱ्याला द्यावं लागतं. दुरुस्तीची मंजुरी वरून येत नाही, म्हणून कागदावर नाव तसंच ठेवतात. म्हणजे मेलेला माणूस त्यांना सोयीचा, कारण तो भिंतीच्या ओलीची तक्रार करत नाही. तुमचा अर्ज ठेवून जा, बघू, असं ते म्हणाले. सगळे उठायला लागले. तेव्हा बाबा खुर्चीतून म्हणाले, की मी सोळा महिन्यांनी खाली उतरलोय, अर्ज मिळाल्याची सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय मी वर जाणार नाही, आणि मला उचलायचं असेल तर साहेबांनी स्वतः उचलावं.

एक्केचाळीस जण खाली बसलो. संध्याकाळी कुलपं लावायच्या वेळी शिक्का बसला. पोच बाबांच्या खिशात आहे. झोपतानाही काढत नाहीत.

इकडे आता भांड्यांचा आवाज कमी आणि आमचा जास्त आहे. तुझी आठवण दोघंही काढतो, दाखवतो कमी.

तुझी,
ठिणगी


६ जुलै

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं.

चौदाही घरं उघडली. दुरुस्ती सुरू झाली, यादीतल्या पहिल्या चौदांना पत्रं गेली. घड्याळजींना पहिल्या मजल्यावरचं मिळालं. ते आत जाऊन हात वर करून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, की छत अजून वर आहे.

आमचा नंबर आता बत्तीस. मग आम्ही बाकीच्या दोन इमारतींची नावं उतरवायला गेलो, तर फळ्यावरची यादी काढून टाकलेली. त्याच दिवशी मोठ्या साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. दार लावून म्हणाले, की तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर एक घर आहे. वडिलांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिलीय, माणुसकी म्हणून ते मला देतील, किल्ली उद्याच. फक्त हा पत्रांचा उद्योग आता थांबवावा.

आत्या, तळमजला. दारातून बाहेर पाऊल टाकलं की रस्ता. मी विचारलं, की आजारी माणसांना आधी घर द्यायचा नियम असेल तर तो दाखवा, माझ्यापुढे बाराव्या नंबरावर एका बाईची आंधळी आई आहे, वीस नंबरावर पाय गेलेला ड्रायव्हर आहे, त्यांनाही बोलवा. ते हसून म्हणाले, की नियम नाही, हे आपल्याआपल्यात. उद्यापर्यंत विचार करायला सांगितलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. घर त्यांच्यासाठी, तर विचारायलाही त्यांनाच हवं. त्यांनी खिशातली पोच चाचपली. मग म्हणाले, की एकतीस माणसांच्या डोक्यावर पाय देऊन उतरायचं असेल तर मला वरच राहू दे. मी दुसऱ्या दिवशी जाऊन नाही म्हणून आले. कार्यालयाच्या फाटकाबाहेर आल्यावर पायरीवर बसून राहिले. आणि बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, गाड्यांना नावंही ठेवली नाहीत. मी बरोबर केलं हे मला ठाऊक आहे. पण त्यांची पाठ बघवत नव्हती.

जूनची मुदत संपली. घरमालक आला होता. बाबा त्याला म्हणाले, की आम्ही जायला तयार आहोत, खुर्ची ही इथं आहे, तू पुढून धर. तो दोन महिन्यांची मुदत देऊन निघून गेला.

मी चुकले असेन तर तसं लिही, गोड करून नको.

तुझी,
ठिणगी


१४ जुलै

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलीस का? बाई, मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी उभं राहून वाचलं.

गोड नको म्हणतेस, तर कडू घे. फेब्रुवारीपासून मला आतून वाटत होतं, की तुमचं काही होऊ नये आणि तुम्ही इकडे यावं. मागची खोली मी रंगवून घेतली होती. एकटीनं जेवून मला कंटाळा आलाय. हे मी आधी सांगितलं नाही, कारण मग तू धीर सोडून आली असतीस आणि मला बरं वाटलं असतं. ते बरं वाटणं मला नको होतं. झालं, आता बोलणार नाही.

फळ्यावरची यादी काढली? काढू देत. घड्याळजी आता पहिल्या इमारतीत राहतात ना? ते आणि ते लाल शाईवाले मास्तर शेजारच्या दोन इमारतींत दारोदार जाऊन नावं विचारतील. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं नाव विचारायला मनाई करणारा साहेब अजून जन्माला यायचाय. दोन इमारतींना मिळून एकशे चव्वेचाळीस पाकिटं लागतील. मी येते. शनिवारच्या गाडीनं. पेन माझं मी आणते.

धाकट्याला सांग, जेव. उपाशी माणसाचं अक्षर बिघडतं.

तुझी,
आत्या


२१ सप्टेंबर

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घरात कोणी हुकूम सोडत नाही, म्हणून सगळी कामं अडलीत.

तू इथं असताना शेवटची पाकिटं परत आली तेवढं तुला ठाऊक आहे. दोन इमारतींतून चौतीस घरं निघाली. या वेळी साहेबांनी वादच घातला नाही, आमच्या पोचेवरचा शिक्का तयारच होता. घरं यादीप्रमाणेच दिली. मी बारा आणि वीस नंबरांना तळमजला द्या म्हणून अर्ज लिहिला होता, तो मान्य झाला. आमचा नंबर आला तोवर तळमजला संपला होता. आम्हाला तिसऱ्या इमारतीत पहिला मजला मिळाला. सोळा पायऱ्या. दोन खोल्या, न्हाणीघरात ओल, स्वयंपाकघराच्या खिडकीला काच नाही, आज पुठ्ठा लावलाय. बाबा रोज कठड्याला धरून पायऱ्या उतरतात. खाली पोचायला वीस मिनिटं लागतात. मदत करू का, असं विचारलं की खेकसतात. खाली बाकावर बसून बसगाड्या धुणाऱ्या बाईच्या नवऱ्याशी वाद घालतात आणि जेवायला पुन्हा वर येतात.

किल्ली घ्यायला गेले तेव्हाची गोष्ट सांगायची राहिली. खिडकीवरच्या बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. किल्ली मिळाली, घर पसंत आहे, कार्यालयाविरुद्ध माझी तक्रार नाही, खाली सही. मी किल्ली मिळाली यावर खूण केली. घर पसंत आहे यावर केली. मग नाही हा शब्द खोडून आहे लिहिलं, आणि खाली सुवाच्य अक्षरात, बाबा पत्ते घालतात तशा, लिहिलं, की यादीत अजून दोनशे अठरा माणसं आहेत. आणि सही केली.

बाईंनी वाचलं. असं चालत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या मागे रांग आहे, मला घाई नाही. त्यांनी मागं मोठ्या साहेबांच्या दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत्या, भुवयासुद्धा न उडवता शिक्का मारला. किल्ली माझ्या हातात दिली आणि त्या कागदाची एक प्रत स्वतःसाठी काढून घेतली. त्यांची बहीण यादीत एकशे दहावी आहे म्हणाल्या.

बाबांचा तुला नमस्कार. तुझ्या भेटीची वाट दोघंही बघतोय, आणि आम्हाला वाट बघायची सवय आहे असं समजून उशीर करू नकोस.

तुझी,
ठिणगी